कलम चौदा आणि चौदाशे पाय

१२ जानेवारी

प्रिय आत्या,

आधी बातमी, मग खुशाली. झालं एकदाचं! तीन वर्षं, एकवीस बैठका आणि माझे निम्मे केस पांढरे, एवढ्यानंतर काल आमच्या समितीत सहमती झाली.

मी नक्की काय करते हे तुला फोनवर तासभर सांगूनही कळलं नव्हतं. 'फोनवर मी नुसती हं हं करते, कागदावर लिही, तिथे हं लिहिता येत नाही,' असं म्हणाली होतीस. तर लिहिते. लोक आपल्या नोंदी, फोटो, नकाशे कुठल्यातरी कंपनीच्या यंत्रांवर ठेवतात. ती यंत्रं कुठे असतात हे ठेवणाऱ्याला माहीतही नसतं. त्याला क्लाउड म्हणायचं. प्रत्येक कंपनीचा दरवाजा वेगळा, आत सामान ठेवायची रीत वेगळी. एकीकडून दुसरीकडे जायचं म्हटलं की माणूस अडकतो. आम्ही एकोणीस जणांनी बसून सगळ्यांसाठी एकच दरवाजा ठरवलाय. कोणीही वापरावा, मालकी कोणाची नाही. याला खुलं मानक म्हणतात. त्याचा एकशे सत्तर पानांचा मसुदा आहे आणि मी त्याची संपादक. म्हणजे भांडणं एकोणीस जणांची, वाक्यं माझी.

शेवटी सगळ्यात मोठ्या कंपनीचे प्रतिनिधीही 'हो' म्हणाले. पाठीमागे आम्ही त्यांना इस्त्रीसाहेब म्हणतो, कारण विमानातून दिवसभर प्रवास करून आले तरी बाहीवर एक चुणी नसते. त्यांच्यासाठी एका कलमात मला थोडी ढील द्यावी लागली, पण ते चालायचंच.

आता साठ दिवस जाहीर हरकतींचे. रस्त्यावरच्या कोणालाही मसुद्यावर हरकत लिहून पाठवता येते, आणि प्रत्येक हरकतीला समितीला लेखी उत्तर द्यावंच लागतं. आजवर सातच्या वर कधी आल्या नाहीत. एकशे सत्तर पानं वाचणार कोण? नंतर एप्रिलमध्ये मतदान.

कौतुक कर. लाजू नकोस.

तुझी,
टोकधरी


२५ जानेवारी

चि. टोकधरी हिस,

अनेक आशीर्वाद आणि भरपूर कौतुक. एकवीस बैठका घालून एक दरवाजा! आमचा सुतार दोन दिवसांत बसवतो, वर कडी फुकट देतो. असो. बसवलास हे खरं.

तुझं पत्र मी कामाच्या टेबलावर वाचलं, त्यामुळे पान चारवर प्लास्टरचा अंगठा उमटलाय. बसवाल्या बाई कृत्रिम पायाच्या मापाला आल्या होत्या. तुला आठवतील, डाव्या पायाच्या, शहर बस चालवतात. त्यांनाही वाचून दाखवलं. म्हणाल्या, "म्हणजे माझा पाय क्लाउडमध्ये आहे? आणि मी इथे स्टुलावर?" म्हटलं, खरा पाय नाही हो, त्याचा आकार.

तुझा दरवाजा मला बरोबर कळला, का ते सांगते. मी या कामाला लागले तेव्हा प्रत्येक कारखान्याचं पाऊल फक्त त्याच्याच नळीवर बसायचं. कारखाना बंद पडला की चांगली नळीही भंगारात. माणसं एका झिजलेल्या पावलापायी महिनोन्‌महिने घरी बसायची. मग पाऊल आणि नळी जोडणारी ती चौकोनी खुंटी आली. चार बाजू, चार स्क्रू, बोटाच्या पेराएवढी. कोणाचंही पाऊल, कोणाचीही नळी. ती कोणी ठरवली मला ठाऊक नाही, पण असेच कुठेतरी एकोणीस जण भांडत बसले असतील.

ढील कुठल्या कलमात दिलीस ते लिहिलं नाहीस.

आणखी एक. शेजारचा चष्मेवाला विचारत होता, एखाद्याला कंपनी सोडायची असेल तर आपलं सामान पूर्ण बाहेर काढायला किती दिवस लागतात? त्याच्यासाठी विचारतेय हं.

आत्या


९ फेब्रुवारी

प्रिय आत्या,

अंगठ्याचं पान जपून ठेव.

ढील कलम चौदात. ते बाहेर पडण्याचं कलम आहे. आधी लिहिलं होतं की प्रत्येक कंपनीने ग्राहकाच्या नोंदी, तो मागेल तेव्हा, जशाच्या तशा बाहेर दिल्याच पाहिजेत. इस्त्रीसाहेब म्हणाले, काही प्रकारच्या नोंदी अखंड बाहेर काढणं तांत्रिकदृष्ट्या अशक्य आहे. सक्ती ठेवलीत तर आम्ही उठून जातो. ते उठले असते तर त्यांच्यामागे आणखी चौघं. मग आमचा मसुदा कपाटात गेला असता. म्हणून मी तिथे 'शक्य असल्यास द्याव्यात' असं केलं. पुढच्या आवृत्तीत सक्तीचं करू. समित्यांमध्ये असंच पुढे सरकतात, आत्या. आत जायचा दरवाजा तर एक झाला! काहीच नसण्यापेक्षा बरं.

चष्मेवाल्याला सांग, चिंता करू नकोस. मोठ्या कंपनीकडे असशील तर सोडायची वेळच येत नाही. पाच वर्षांपूर्वी मी तुलाही हेच सांगितलं होतं ना? तुझं कसं सुरळीत चाललंय!

टोकधरी


२१ फेब्रुवारी

टोकधरी,

चष्मेवाला वगैरे कोणी नाही. मीच.

२० जानेवारीला त्याच सगळ्यात मोठ्या कंपनीचं पत्र आलं. आकारांच्या नोंदी ठेवायची सेवा ते बंद करतायत. नव्वद दिवस. २० एप्रिलनंतर सगळं पुसणार. मी विचारलं, माझ्या पेशंटांचे आकार मला द्या. त्यांनी प्रत्येक पायाचं एक चित्र दिलं. चित्र! समोरून काढलेलं. त्यावरून सॉकेट कसा करायचा? उरलेला पाय ज्यात बसतो तो सॉकेट दोन मिलिमीटर चुकला तर संध्याकाळपर्यंत कातडी सोलते. चौदाशे बारा माणसं, काहींची वीस-वीस वर्षांची मापं. पाय कसा आटत गेला, कुठे हाड वर आलं, सगळं त्यात आहे. प्लास्टरचे जुने साचे आपण फोडून टाकले, कारण तू म्हणालीस, आता कशाला हवेत.

तुला आधी सांगितलं नाही, कारण कंपनी तूच सुचवली होतीस. तुला लागेल म्हणून गप्प बसले. आणि तू पत्रात लिहितेस, 'शक्य असल्यास'!

अगं, त्या खुंटीवर 'शक्य असल्यास चार स्क्रू' असं लिहिलं असतं तर कोणी चौथा स्क्रू बसवला असता का? तिसरा तरी? आत जायचा दरवाजा सगळेच चांगला करतात. त्यात त्यांचा फायदा आहे. तू ज्याच्यासाठी बसली होतीस तो दुसरा होता.

मी टेपने पुन्हा मोजायला घेतलंय. रोज आठ माणसं होतात. म्हणजे २० एप्रिलपर्यंत निम्मीही होणार नाहीत, हे मला कळतं. तरी मोजतेय.

मला सॉरी लिहून पाठवू नकोस. ते प्लास्टरमध्ये कालवता येत नाही.

आत्या


६ मार्च

प्रिय आत्या,

सॉरी लिहीत नाही. काय केलं ते लिहिते.

तुझं पत्र वाचून तीन दिवस मी मसुदा उघडला नाही. चौथ्या दिवशी अध्यक्षबाईंकडे गेले. त्या बैठकीत विणकाम करत असतात, सुई थांबली की समजायचं काहीतरी गंभीर आहे. मी म्हटलं, "कलम चौदावर माझी हरकत आहे."

"कलम चौदा तुम्हीच लिहिलंय."

"हो."

"मान्य झालेल्या कलमाला पुन्हा हात लावायचा तर नवी माहिती लागते. 'मला वाईट वाटतंय' ही नवी माहिती नाही."

मग मी नवी माहिती काय असू शकते याचा विचार केला. इस्त्रीसाहेबांचा सगळा डोलारा एका शब्दावर उभा आहे, 'अशक्य'. कोणी ते करून दाखवलं तर? आमच्याकडे जुनी रीत आहे. मानक खरं की नाही हे ठरवायला दोन जणांनी, एकमेकांशी एक शब्द न बोलता, फक्त मजकूर वाचून ते बांधायचं. एकाने दिलेलं दुसऱ्याला घेता आलं तर मजकूर बरोबर. बांधताना प्रश्न पडला तर आम्ही त्या माणसाला उत्तर देत नाही, मजकूर दुरुस्त करतो. कारण पुढे वाचणाऱ्या माणसाच्या शेजारी आम्ही बसलेले नसणार.

दोघं मिळालेत. एक म्हणजे ग्रंथालयांच्या याद्या करून देणारे दोन मेहुणे (एकमेकांचे), एका खोलीत ऑफिस आहे त्यांचं. तुझ्या परवानगीने, तुझीच किल्ली वापरून ते तुझी एकेक नोंद कंपनीकडून मागतील, तुझ्या स्क्रीनवर रोज उघडते तशीच, आणि जुन्या, सक्तीच्या कलम चौदात लिहिलंय तशी बाहेर ठेवतील. दुसरी एक प्राध्यापिका आहे, तिच्या दोन विद्यार्थिनींसह. त्या फक्त मजकूर वाचून ते उचलतील. मेहुणे तिला ओळखत नाहीत, ती त्यांना ओळखत नाही.

पण पाय तुझ्या पेशंटांचे आहेत. त्यांना विचारशील? ज्यांची ना असेल त्यांना हात लावायचा नाही.

माझ्या संस्थेच्या संचालकांनी काल बोलावलं होतं. समितीतली माझी खुर्ची संस्थेच्या नावावर आहे आणि संस्थेचे मोठे आश्रयदाते कोण, ते तू ओळखलंच असशील. "हरकत मागे घ्या, नाहीतर खुर्ची जाईल," म्हणाले. मी म्हटलं, "खुर्ची तशीही फार टोचते."

हे बोलून बाहेर आले. तडक जाऊन हरकत लेखी दाखल केली.

टोकधरी


१८ मार्च

चि. टोकधरी हिस,

अनेक आशीर्वाद. (या वेळी मनापासून. मागच्या पत्रात घालायचे राहिले नव्हते, मुद्दाम घातले नव्हते.)

सगळ्यांना विचारलं. फोन करून, पत्र घालून, काहींच्या घरी जाऊन. एक हजार चारशे तीन जण हो म्हणाले. नऊ जण नाही म्हणाले. त्यांना मी का असं विचारलं नाही, त्यांची मापं टेपने घेऊन ठेवली.

कंपनीच्या वकिलाचं पत्र आलंय. आमच्या सेवेतून अशा रीतीने नोंदी काढणं कराराविरुद्ध आहे, परिणामांना तयार राहा. मी आपल्या वकीलबाईंना करार दाखवला. त्या म्हणाल्या, तुमच्याच नोंदी तुम्हीच उघडून बघण्याला बंदी करणारी ओळ मला यात सापडत नाही, पण ते त्रास मात्र देतील. म्हटलं, देऊ दे. मी वकिलाला एका ओळीत कळवलं: 'पाय ज्यांचे, मापं त्यांची. कुठे यायचं ते सांगा, आम्ही सगळे चालत येतो.' त्याचं पत्र आता ओल्या प्लास्टरखाली अंथरलंय. जाड कागद आहे, चांगला टिकतो.

मेहुण्यांना किल्ली दिली. थोरला फारच कमी बोलतो आणि धाकटा त्याच्या वाट्याचंही बोलतो.

चहा ठेवून येते, मग पुढे लिहि

ता. क. मी बसवाली लिहितेय. तुझी आत्या चहा करायला आत गेलीय, पेन इथेच आहे. ती तुला सांगणार नाही म्हणून सांगते. तिचा उजवा हात थरथरतो. दोन वर्षं झाली. माझं माप तिने परवा तीनदा घेतलं, तीनदा वेगळं आलं. चार मिलिमीटरचा फरक. मग टेप गुंडाळला आणि बराच वेळ हात धूत बसली. रोज आठ माणसं मोजते ती, पण ती मापं उपयोगाची नाहीत, हे तिला माहीत आहे आणि आम्हालाही. आम्ही तरी येतो. तेव्हा तुझ्या त्या कलमाचं काय ते नीट कर. आली ती.

...पुढे लिहायला फारसं काही नाही. प्रकृतीला जप. बसवाल्या बाई उगाच हसतायत.

आत्या


११ एप्रिल

प्रिय आत्या,

बैठक झाली. क्रमाने सांगते, नाहीतर मी शेवटाकडे धावेन.

इस्त्रीसाहेब पहिले बोलले. "संपादकबाईंना स्वतःचंच वाक्य पटत नाही, याला आम्ही काय करणार?" सभागृह हसलं. मी म्हटलं, "वाक्य माझं आहे, म्हणूनच चूक कुठे आहे ते मला माहीत आहे. मी भीतीने लिहिलं होतं. आता परत घेते." आत्या, इतक्या वर्षांत त्या खोलीत मी 'भीती' हा शब्द कधी ऐकला नव्हता. सुई थांबली.

मग मेहुण्यांनी सुरुवात केली. तुझी एकेक नोंद बाहेर येत गेली. चाळीस मिनिटांत एक हजार चारशे तीन. धाकटा बोलायला उठला तर थोरल्याने त्याचा शर्ट धरून खाली बसवलं. मग शेजारच्या खोलीतून प्राध्यापिकेने त्या उचलल्या आणि भिंतीवर पहिला पाय दिसला.

उलटा.

गुडघा खाली, टोक वर. दुसरा उलटा, तिसरा उलटा. चौदाशे पाय डोक्यावर उभे! सभागृहात असा हशा पिकला की चहावाले डोकावून गेले. इस्त्रीसाहेब फक्त एवढंच म्हणाले, "अशक्य म्हणालो होतो ना."

आणि मला एका क्षणात कळलं. शून्य! मापाचं शून्य कुठे धरायचं ते मी एकशे सत्तर पानांत कुठेच लिहिलं नव्हतं. प्राध्यापिकेने ते तळाशी धरलं. माणसाची उंची जमिनीपासूनच मोजतात, तिचं काय चुकलं? पण मला नवव्या वर्षापासून माहीत आहे की शून्य गुडघ्याच्या वाटीखाली. तुझ्या स्टुलाशेजारी उकिडवं बसून टेपचं ते टोक मीच धरायचे. 'हलवू नकोस, सगळा पाय तुझ्या बोटावर आहे,' म्हणायचीस तू. ते मला इतकं माहीत होतं, की ते लिहावं लागतं हे सुचलंच नाही.

धाकटा मेहुणा शेजारच्या खोलीकडे निघाला होता, नुसतं सांगून टाकायला. मीच त्याला अडवलं. सांगायचं नाही, लिहायचं. अध्यक्षबाईंची परवानगी घेऊन तिथेच, सगळ्यांसमोर, भिंतीवरच्या मसुद्यात कलम चौदात ओळ टाकली: 'प्रत्येक नोंदीची मोजणी कुठून सुरू होते आणि कोणत्या दिशेने जाते, हे त्या नोंदीसोबत बाहेर दिलंच पाहिजे.' माझी बोटं थरथरत होती. (तुझ्यासारखी. हो, मला माहीत आहे. कोणी सांगितलं विचारू नकोस.)

मेहुण्यांनी ती ओळ वाचली. भिंतीपलीकडे प्राध्यापिकेने वाचली. पाऊण तास गेला. कोणी जेवायला उठलं नाही. मग पहिला पाय सरळ उभा राहिला. मग दुसरा. दोनशे बाराव्या नोंदीला बसवाल्या बाईंचा डावा पाय आला, पोटरीवरच्या त्या खळग्यासकट, आणि मी सभागृहात मोठ्याने "आल्या!" म्हणाले.

इस्त्रीसाहेब म्हणाले, "सक्ती ठेवलीत तर आमची कंपनी समिती सोडेल."

अध्यक्षबाईंनी लोकर गुंडाळली. "बाहेर पडायचा दरवाजा तिकडे आहे," म्हणाल्या. "तो सगळ्यांसाठी उघडा असतो."

ते गेले. त्यांच्यामागे दोघं गेले, चौघं नाही. मतदान झालं नाही. सक्तीचं कलम चौदा घालून मसुदा पुन्हा साठ दिवस हरकतींसाठी जाहीर होतोय. इस्त्रीसाहेब गेले तरी बाहेरून हरकत घेतीलच, म्हणजे लढाई अजून आहे. माझी खुर्ची मात्र त्याच संध्याकाळी गेली. संचालकांनी दोन ओळींत कळवलं. मी मसुद्याची अजून संपादक आहे की नाही हे कोणालाच माहीत नाही. तुझ्या नोंदी सोबतच्या हार्ड डिस्कच्या डबीत आहेत. प्रत दुसऱ्या दोन ठिकाणी आहे, आणि उद्या तिसऱ्या ठिकाणी हलवावीशी वाटली तर हलव.

मला रडू आलं नाही, याचं आश्चर्य वाटतंय. घरी येऊन टाचा दुखेपर्यंत चालले फक्त.

टोकधरी


२ मे

चि. टोकधरी हिस,

अनेक आशीर्वाद.

डबी पोचली. २० तारखेला कंपनीने सगळं पुसलं. सकाळी स्क्रीन उघडला तर पांढराफटक. मी डबी लावली आणि पहिल्या दिवशी तीन माणसांचे सॉकेट केले. पहिल्या बसवाल्या बाई. सॉकेट चढवला, उभ्या राहिल्या, दारापर्यंत गेल्या, परत आल्या. मी श्वास धरून बसलेले. आणि त्या मुद्दाम वेळ लावत होत्या. शेवटी म्हणाल्या, "चावत नाही." आमच्या धंद्यात यापेक्षा मोठं कौतुक नसतं, तुला माहीत आहे.

चुगली कोणी केली तेही मला कळलंय. दोन पत्रांमागे माझ्याच पेनाने झालीय. हात थरथरतो हे खरं. लपवलं, कारण हातच गेला तर मी कोण, असं वाटायचं. आता ते मागे पडलंय. पाय वाचले.

आता महत्त्वाचं. तू पहिल्या पत्रात लिहिलं होतंस की रस्त्यावरच्या कोणालाही हरकत पाठवता येते आणि प्रत्येकीला लेखी उत्तर द्यावंच लागतं. ते मी विसरले नाही. गेले दहा दिवस इथे दुकानात मापं कमी आणि लेखन जास्त चाललंय. तुझी एकशे सत्तर पानं आम्ही वाचली नाहीत. कलम चौदा वाचलं. सगळ्यांनी. फळ्यावर लिहून ठेवलंय. प्रत्येक जण स्वतःच्या शब्दांत लिहितो, नक्कल चालणार नाही असं मी बजावलंय. आमच्या शिंपीदादांनी चार पानं लिहिलीत. एका आजींनी एकच ओळ लिहिली: 'माझा पाय मला विचारल्याशिवाय कोणी ठेवू नये आणि मी मागितल्यावर कोणी अडवू नये.' ज्या नऊ जणांनी तेव्हा नाही म्हटलं होतं त्यांनीही लिहिलंय. बसवाल्या बाईंचं तू वाचशीलच, ते छापण्यासारखं नाही.

चौदाशे बारा पत्रं आजच्या टपालाने समितीकडे निघाली. इस्त्रीसाहेबांना सक्ती काढायची असेल तर आधी या प्रत्येकाला, नाव घेऊन, लेखी पटवायला लागेल. अध्यक्षबाईंना सांग, लोकर जास्त घेऊन ठेवा.

आणि खुर्ची गेली म्हणतेस, तर इथे स्टूल आहे. पुढच्या महिन्यात अठ्ठावीस नवी माणसं पहिल्यांदा मापाला येतायत, त्यांची नोंद अजून कुठेच नाही. टेप तू चालव. कुठे दाबायचं, कुठे सोडायचं, मी सांगेन. शून्याचं टोक मी धरते. दोन बोटांनी गुडघ्यावर दाबून ठेवायचं असतं फक्त, तेवढं जमतं.

ये.

आत्या